थांबविणाऱ्याची झीज

माझ्या लिहिण्याच्या मेजावर दोन वस्तू कायमच्या मुक्कामाला आहेत. एक बाभळीच्या लाकडाचा ठोकळा, एका अंगाने चंद्रकोरीसारखा झिजलेला. दुसरी ओतीव लोखंडाची गोल तबकडी, लहानशा ताटाएवढी, उचलताना मनगटाला जाणवेल इतकी जड. दिवाळीच्या फराळाला येणारी मंडळी चकली तोडता तोडता विचारतात, “मास्तर, कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाच्या टेबलावर हे भंगार कशाला?” मी हसून वेळ मारून नेतो. यंदा मात्र ठरविले की, या भंगाराचा इतिहास एकदा लिहूनच टाकावा. विज्ञानाची परीक्षा मी मॅट्रिकला दिली ती शेवटची; तेव्हा काही चुकलेमाकले तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम ठोकळा. आमचे बेलापूर प्रवरेच्या काठी. एका तीरावर बुद्रुक, दुसऱ्या तीरावर खुर्द. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि कालव्यांच्या पाण्याने या मुलखात ऊस आला. हरेगावच्या साखर कारखान्याकडे उसाच्या गाड्यांची रीघ लागे. माझे वडील अशाच गाड्यांपैकी एक हाकीत. सपाट रस्त्याला गाडी ओढणे हे बैलांचे काम; पण नदीच्या उताराला लागले की काम उलटे होई. भरलेली गाडी मागून बैलांना रेटू लागे. त्यासाठी चाकांच्या मागे एक आडवे लाकूड दोराने बांधलेले असे, आणि त्याच्या दोन्ही टोकांना बाभळीचे ठोकळे. वडील दोर ताणत, ठोकळे लोखंडी धावेवर घासत, करकर आवाज होई, जळक्या लाकडाचा वास येई आणि गाडी शहाण्यासारखी उतरे. हंगाम लागण्यापूर्वी वडील बैलांची शिंगे रंगवीत, आखाला वंगण घालीत. पण त्याही आधी ठोकळे पाहात. फार झिजला असेल तर नवा बसवीत, त्यावर जुन्या वहाणेचा तळ खिळ्यांनी ठोकीत. मी लहानपणी विचारले होते, “अण्णा, वहाण कशाला?” ते म्हणाले, “लाकूड एकटंच झिजतंय. त्याला जोडीदार नको?”

आता तबकडी. ती गेल्या भाऊबीजेला घरी आली. माझा भाचा चाकणच्या बाजूला मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला आहे. पोरगा गुणी, पण एक नाद भारी. आपली चारचाकी घेऊन कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर जायचे, आणि तेथल्या सव्वादोन किलोमीटरांहून थोड्या कमी लांबीच्या वळणावळणांच्या धावपट्टीवर फेऱ्या मारायच्या. नवरात्रात तो असाच जाऊन आला. आल्यावर गाडी धुतली, पुसली, दसऱ्याला तिला झेंडूचा हार घातला. चाक उघडून आत काय झाले आहे ते मात्र पाहिले नाही. भाऊबीजेला तीच गाडी घेऊन तो माझ्या बहिणीसह बेलापूरला निघाला. आमची आई तेव्हा बहिणीकडे होती, तीही मागच्या आसनावर. आळेफाटा मागे टाकून चंदनापुरीचा घाट उतरू लागले आणि पायाखालचे ब्रेकचे पेडल मऊ पडले. आधी थोडे, मग अर्धे, मग जवळजवळ तळाला टेकले. पोराने डोके शाबूत ठेवले. गाडी दुसऱ्या गिअरात घातली, पेडल भराभर दाबून जमेल तेवढा दाब गोळा केला आणि हॅण्डब्रेक हलक्या हाताने ओढीत गाडी कडेला घेतली. तासभर थांबल्यावर पेडल पुन्हा जागेवर आले. मुंगीच्या पावलाने ते घरी पोचले. ओवाळणी झाली, लाडू झाले, मग मला अंगणात एकीकडे ओढून तो म्हणाला, “मामा, आईला सांगू नका.”

मी सांगितले नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही, आणि तेव्हापासून या ब्रेकच्या पाठीमागे लागलो. जे सापडले ते असे.

वेगाचा इतिहास सर्वांना पाठ असतो. थांबण्याचा कोणी सांगत नाही. खरे पाहता दोघे जुळे भाऊ आहेत. १८८८ सालच्या ऑगस्टात जर्मनीतील बेर्टा बेन्झ ही बाई नवऱ्याला न सांगता त्याची नवी मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्ट्सहाइमला आपल्या माहेरी गेली. मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास. सुमारे शंभर किलोमीटरांचा. वाटेत उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले. बाईने एका गावात चांभाराला गाठले आणि ठोकळ्यांवर कातडे ठोकून घेतले. जगातले मोटारीचे पहिले ब्रेक-लायनर ते हेच, असे म्हणतात. हे वाचले तेव्हा मी मेजावरच्या ठोकळ्याकडे पाहिले. अण्णांना बेर्टाबाई ठाऊक नव्हती, बेर्टाबाईला अण्णा. पण उताराने दोघांनाही चांभाराकडेच पाठविले!

पुढे इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने हाच धागा धरला. त्याच्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात घोडागाडीवाले उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट लावीत, ते पाहून त्याला कल्पना सुचली अशी आख्यायिका आहे. १८९७ साली त्याने या धंद्याला हात घातला आणि आपल्याच नावाची अक्षरे फिरवून, एक वाढवून, ‘फेरोडो’ हे नाव घेतले. मोटारी वेगवान झाल्या तशी कातडी-कापडी लायनरे जळू लागली. तेव्हा १९०८ साली त्याने ॲस्बेस्टॉसचा धागा वापरला. तो जळत नसे, म्हणून जगभर पसरला. पण त्याची धूळ माणसाची फुप्फुसे खाते हे कळावयास फार वर्षे गेली. ब्रेक उघडल्यावर आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, असे जाणते कारागीर सांगतात त्याचे मूळ येथे आहे.

आपल्याकडे या प्रश्नाची मोठी परीक्षा झाली ती बोरघाटात. १८६३ साली खंडाळ्याचा घाट चढून आगगाडी पुण्याच्या पठारावर आली. जेम्स बर्कली या अभियंत्याच्या देखरेखीखाली हजारो मजुरांनी हा डोंगर फोडला. चढ इतका की, जागोजाग सदतीस फुटांमागे एक फूट. चढविण्यासाठी इंजिने जोडता येतात. भीती असते ती उतरतानाची. म्हणून घाटात ठिकठिकाणी चढत्या अंगाचे आडफाटे बांधले गेले. एखादी गाडी आवरेनाशी झाली तर तिला त्या फाट्यावर घालावयाचे, म्हणजे चढ तिचा वेग पिऊन टाकी. रूळ टाकणाऱ्यांनी चढण्याइतकाच उतरण्याचाही विचार केला, ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते.

आता आपल्या तबकडीकडे येऊ. मोटारीच्या चाकाबरोबर फिरणारी तबकडी दोन बाजूंनी चिमटीत धरून थांबवावयाची ही कल्पना इंग्लंडातील फ्रेडरिक लँचेस्टरची. त्याने १९०२ साली तिचे पेटंट घेतले. पण धातूवर धातू घासून ती किंचाळे, आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर लवकर झिजे. त्याच सुमारास फ्रान्सात लुई रेनोने पिपासारख्या डब्याच्या आतून दाब देणारा ड्रम-ब्रेक पुढे आणला. तो झाकलेला, शांत आणि स्वस्त. पन्नास वर्षे त्याचेच राज्य चालले. त्याचा दोष एकच, पण मोठा. डबा तापला की फुगतो आणि आतल्या लायनरांपासून दूर सरकतो; उष्णता बाहेर पडावयास वाट नसते. जितके अधिक दाबावे तितके कमी थांबावे, अशी अवस्था येते.

तबकडीला पुन्हा दिवस आले ते विमानांमुळे. जड विमान धावपट्टीवर उतरवून थांबविण्यासाठी डनलॉप कंपनीने डिस्क-ब्रेक बनविले होते. जॅग्वार कंपनीने ते शर्यतीच्या मोटारीला लावले. नॉर्मन ड्यूइस हा त्यांचा चाचणी-चालक दिवसेंदिवस ती गाडी पळवी आणि थांबवी. प्रारंभी काय झाले ठाऊक आहे? तबकडीची उष्णता तेलात गेली, ब्रेकचे तेल उकळले आणि पेडल मऊ पडले. चंदनापुरीच्या घाटात माझ्या भाच्याला जे भोगावे लागले, तेच सत्तर वर्षांपूर्वी त्या नामांकित गाडीला भोगावे लागले होते! १९५२ साली फ्रान्सातील रँस येथे स्टर्लिंग मॉसने अशा ब्रेकच्या गाडीने शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार पहिली आली, आणि त्या शर्यतीत सरासरी वेग प्रथमच ताशी शंभर मैलांच्या पुढे गेला. तेथे सुमारे सहा किलोमीटरांचा सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला आखूड वळण होते. ज्याला उशिरा ब्रेक दाबता येतो तो सरळ रस्त्यावर अधिक काळ वेगात राहतो. म्हणजे ही शर्यत जितकी इंजिनाने जिंकली तितकीच थांबण्याने जिंकली.

पण त्याच धावपट्टीने दोन वर्षांनी दुसरा धडा दिला. ११ जून १९५५ रोजी माइक हॉथॉर्नने आपली डिस्क-ब्रेकची जॅग्वार थांब्याकडे वळविण्यासाठी आवरली. मागचा चालक तिला चुकविण्यासाठी बाजूला सरकला, आणि त्याच्या मागून भरधाव येणाऱ्या पिएर लेव्हेगची मर्सिडीज त्याच्यावर चढून प्रेक्षकांच्या कडेवर आदळली. लेव्हेगसह ऐंशीहून अधिक माणसे गेली. दोष कोणाचा यावर पुढे पुष्कळ वाद झाला; त्यात मला पडावयाचे नाही. मात्र आपण थांबतो तेव्हा मागून कोणी येत असते, एवढे त्या दिवसाने जगाला शिकविले. त्याच वर्षी फ्रान्सात सित्रोएन कंपनीने आपल्या घरगुती गाडीला डिस्क-ब्रेक दिले, आणि धावपट्टीवरची वस्तू हळूहळू दाराशी आली. आपल्याकडे मारुती ८०० मधून ती मध्यमवर्गीयांच्या अंगणात पोचली. आपल्याच जिल्ह्यात, अहिल्यानगरला, संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. तिच्या परीक्षण-मार्गांवर गाड्या जशा पळवून पाहतात तशा थांबवूनही पाहतात. ब्रेकच्या कसोट्यांत एक मोठी मार्मिक कसोटी असते. गाडी एकामागून एक अनेक वेळा थांबवून ब्रेक मुद्दाम तापवितात, आणि मग पाहतात की, तापलेला ब्रेक किती इमानी राहतो. माणसांचीही परीक्षा अशीच घ्यावी!

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पेठेतील एका म्हाताऱ्या मिस्त्रींना मी अंगणात बोलाविले. चाक उतरले. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर घेतला, तबकडीच्या कडेवरून नख फिरविले आणि ते अडले. घासणारा भाग झिजून खाली गेला होता आणि कडेला उंच ओठ राहिला होता. पृष्ठभागावर निळसर छटा आणि बारीक भेगा, जणू चैत्रातली काळी जमीन. त्यातली एक भेग थेट कडेपर्यंत पोचली होती. “केसासारख्या भेगा धावपट्टीवरच्या डिस्कला येतातच,” मिस्त्री म्हणाले, “त्यांवर नजर ठेवायची. पण जी कडेला पोचली, किंवा जिच्यात नख अडकलं, ती डिस्क त्याच दिवशी काढायची. पोरा, ही फुटली असती.” भाचा खाली मान घालून उभा.

मग त्यांनी तबकडीवरची बारीक अक्षरे दाखविली. नवी असताना जाडी २२ मिलिमीटर. कमीत कमी २०. आमच्या शाळेतला स्क्रू-गेज मी आणला. ओठ टाळून चार ठिकाणी मोजली, कोठे १९.८, कोठे १९.६. दोन-अडीच मिलिमीटरांनी काय होते, असे मी विचारले, तेव्हा भाच्यानेच खडूने अंगणात हिशेब मांडला. बाराशे किलोची गाडी ताशी १६० वरून ६० वर आणावयाची म्हणजे सुमारे दहा लाख ज्यूल उष्णता. एवढ्या उष्णतेत तीन लिटर गार पाणी उकळी येईतो तापेल. आणि येथे ती तीनचार सेकंदांत निर्माण होते. तिचा दोनतृतीयांशाहून अधिक वाटा पुढच्या दोन तबकड्यांवर येतो. तबकडी सात किलोची धरली तर एका दाबासरशी ती शंभर अंशांनी तापते. फेरीत असे पाच-सहा दाब, आणि मध्ये थंड व्हावयास थोडे क्षण. तबकडी झिजली म्हणजे लोखंड कमी झाले. तीच उष्णता थोड्या लोखंडात राहावयाची, म्हणून ती अधिकच तापावयाची. झीज झिजेला बोलावते.

तेलाची कथा निराळी. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते. ‘डॉट ४’ जातीचे तेल कोरे असताना किमान २३० अंशांना उकळावे असा दंडक. पाणी मुरलेल्या तेलाला १५५ चालतात. उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबत नाही, वाफ दाबते. म्हणून पेडल तळाला जाते. भाच्याच्या बाटलीतले तेल काढले तर ते काळ्या चहासारखे होते. “दोन वर्षं झाली,” तो पुटपुटला. धावपट्टीवर जाणाऱ्याने ते प्रत्येक वेळी जाण्याआधी बदलावे, असे मिस्त्रींचे म्हणणे. पॅडही निम्मे झाले की बदलावे. कारण पातळ पॅड उष्णता अडवीत नाही, सरळ तेलाकडे धाडते.

आणखी काही गोष्टी मला तेथे कळल्या. पुष्कळांना वाटते की, ब्रेक दाबताना गाडी थरथरली म्हणजे डिस्क वाकडी झाली. बहुधा ती वाकत नाही. लालभडक तबकडीवर पॅड दाबून गाडी उभी केली की पॅडचा लेप एका जागी चिकटतो, आणि तेथे पुढे उंचवटा जाणवतो. म्हणून धावपट्टीवरून परतताना शेवटची फेरी सावकाश, ब्रेक जवळजवळ न लावता मारावी, वाऱ्याने तबकडी निववावी, आणि उभी केल्यावर हॅण्डब्रेक ओढू नये, चाकाला दगड लावावा. नवी तबकडी आणि नवे पॅड एकमेकांना ओळखून घेतात. त्यासाठी मध्यम वेगावरून आठदहा वेळा गाडी हळूहळू कमी करावी, पूर्ण थांबवू नये, मग थंड होऊ द्यावी. शर्यतीचे कडक पॅड तापल्यावरच पकडतात. सकाळच्या थंड रस्त्यावर तेच घात करतील. आणि कोणी म्हणाले, “लेथवर फिरवून डिस्क सपाट करून देतो,” तर आधी जाडी मोजावी. सपाट होताना ती आणखी पातळच होते.

हे सर्व ऐकताना मला अण्णांचा हंगामापूर्वीचा दिवस आठवला. त्यांना अंश ठाऊक नव्हते, ज्यूल ठाऊक नव्हते. पण उताराला लागण्यापूर्वी ठोकळा पाहावयाचा, एवढे ठाऊक होते. आम्ही शिकलो, गाडी धुतली, हार घातला, आणि ठोकळा पाहावयाचे तेवढे विसरलो. जो पुढे नेतो त्याला हार मिळतात. जो थांबवितो तो चाकाच्या आड, चिखलात आणि धुळीत, आपले अंग झिजवीत बसलेला असतो. त्याच्याकडे पाहण्यासाठी चाक उतरवावे लागते, आणि तेवढी तसदी आपण घेत नाही.

तबकडी मी भाच्याकडून मागून घेतली आणि ठोकळ्याशेजारी ठेवली. ठोकळा एका बाजूने खोलगट, तबकडी दोन्ही बाजूंनी. दोघांनीही आमच्या घरची माणसे खाली सुखरूप आणली.

यंदा भाऊबीजेच्या चार दिवस आधी भाच्याचा फोन आला. कधी निघणार, काय आणू, असले काही न बोलता तो म्हणाला, “मामा, २१.४. चारी ठिकाणी सारखी. तेल काल बदललं.” मी “बरं” म्हटले, मला फार बरे वाटले. मग बहिणीने फोन घेतला. मी नेहमीच्या साळसूदपणे विचारले, “काय गं ताई, हा कसला आकडा सांगतोय?”

ताई हसली. म्हणाली, “तू नको मला शिकवूस. गेल्या वर्षी घाटात आई झोपली होती, मी नव्हते. मला सांगू नका म्हणाला ना तुला? मीही त्याला सांगितलं नाही. म्हटलं, पोराला आपल्या पायानंच थांबायला शिकू दे.”